डोमाभाऊंनी कोणालाच शॉक दिला नव्हता

परवा एका लग्नात जेवणाच्या रांगेत उभा होतो. माझ्या पुढे एक रिटायर झालेले साहेब होते. हातात प्लेट, तोंडात पान, आणि शेजारच्याला सांगत होते, "रामदासपेठेत पूर्वी डोमाजी नावाचा एक वायरमन होता. त्यानं गिझरमध्ये करंट सोडून एक बाळंतीण मारली. लायसन गेलं त्याचं." शेजारचा "अरेरे" म्हणाला आणि दोघांनी जिलेबी वाढून घेतली.

मी प्लेट टेबलावर ठेवली. म्हटलं, "कोणती बाळंतीण? नाव सांगा."

"आजोबा, जुनी गोष्ट आहे ती."

"जुनी आहे म्हणून खोटी सांगाची?"

सुनेनं माझा हात धरून मला खुर्चीवर बसवलं. "बाबा, लग्न आहे," म्हणाली. लग्न होतं म्हणून गप्प बसलो. आता घरी आहे, आता गप्प बसत नाही.

माझं शिक्षण चौथी, तेही कसंबसं. चुका काढायच्या त्यांनी खुशाल काढाव्यात. पण डोमाभाऊंनी कोणाला मारलं नाही. ज्या दवाखान्यात ते घडलं म्हणतात, तिथं कोणी मेलंच नाही. आणि जे झालं ते कशानं झालं हे माझ्याइतकं कोणाला माहीत नाही, कारण तिथला पाइप मी बसवला होता.

मी नळफिटर. नळफिटर आणि वायरमन यांचं कधी जमत नाही. मी भिंत फोडली की त्याची तार तुटते, त्यानं भोक पाडलं की माझी नळी फुटते. तरी डोमाभाऊंशी माझं दहा-बारा वर्षं जमलं. जमलं म्हणजे आम्ही रोज भांडायचो आणि दुसऱ्या दिवशी एकाच कामावर जायचो.

डोमाभाऊ नागपूरच्या पाचपावलीचे. घरी हातमाग. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसून बसून त्यांच्या पाठीला जो बाक आला, तो माग सुटल्यावरही सुटला नाही. धाकटा भाऊ मागावर राहिला आणि हे वायरमन झाले. पण हात विणकराचेच. तार तपासायची तर ते आधी बघायचे नाहीत. डोळे मिटून बोटं फिरवायचे, मधेच हलका ताण द्यायचे आणि थांबायचे. "इथी हाय," म्हणायचे. इन्सुलेशन सोललं की आत तांब्याची तार तुटलेली असायची. मी विचारलं, "कसं समजते गा तुमाले?" तर म्हणाले, "तुटलेला धागा दिसत नसते. तो ढिला लागते."

त्या काळी नागपुरात गिझर म्हणजे मोठी गोष्ट. लोक चुलीवर पाणी तापवायचे, फार तर बादलीत रॉड. ज्याच्या बाथरूममध्ये गिझर आणि वर फवारा, तो पाहुण्यांना आधी बाथरूम दाखवायचा, मग बैठक. आणि असा गिझर थंडीत बंद पडला की डोमाभाऊंकडे माणूस धावत यायचा.

"डोमाभाऊ, गिझर गेला!"

"गेला म्हणजे कुठी गेला? भितीवरच हाय ना?"

मग सुरू. पाणी एकदम गार येते, का कोमट येते, का एक बादली गरम अन् मग गार? ही तीन वेगळी दुखणी आहेत म्हणायचे. "डॉक्टरले तुमी नुसतं 'माणूस गेला' म्हणता का? मंग मले काहून म्हणता?" आणि ही चौकशी ते घरमालकाकडे कधीच करायचे नाहीत. मालक बैठकीतून मोठ्यानं सांगत असायचा, हे ऐकायचेही नाहीत. सरळ आत आवाज द्यायचे, "आज सगळ्यात आधी कोणं आंघोळ केली?" ज्यानं केली त्यालाच विचारायचे.

बोर्डाला हात लावायच्या आधी फ्यूज काढून खिशात टाकायचे. नुसतं बटण बंद करून काम करणाऱ्याला ते वायरमन मानतच नव्हते. "बटण कोणीबी दाबते. माझ्या खिशात कोण हात घालते?" टेस्टर त्यांच्याकडे होता, पण तो कान खाजवायला. तपासायला त्यांचा स्वतःचा दिवा होता. एक होल्डर, त्यात चाळीसचा बल्ब आणि होल्डरला दोन लांब वायरी. "टेस्टर खोटं बोलते. बल्ब लागला तं लागला, नाई तं नाई."

आणि पाट. ओल्या फरशीवर ते कधी उभे राहिले नाहीत. रबरी बूट घालून काम करायचे, पण सोवळ्याओवळ्याच्या घरात बूट चालत नसत. तिथं ते बूट बाहेर काढायचे आणि जेवायला बसायचा लाकडी पाट मागायचे. धरमपेठेत एका घरी आजीबाईंनी पाट दिला आणि म्हणाल्या, "स्वयंपाकाला वेळ आहे हो अजून."

"जेवाले नाई मागत आजी. तुमचा करंट मले जेवन, म्हणून मागून राहिलो."

आजी घाबरल्या आणि त्यांनी घरातले सगळे पाट आणून बाथरूममध्ये मांडले. पंगतच. डोमाभाऊ एका पाटावर उभे, मी एका पाटावर, आजी दारात तिसऱ्यावर.

लकडगंजात एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडे गिझर कोमट पाणी देत होता. शेठनं दुसऱ्या कोणाकडून पाणी तापवणारा नवीन एलिमेंट बसवून घेतला होता, तरी कोमटच. शेठ अंगणात ओरडत होता, की कंपनी चोर, मिस्त्री चोर, बिजली बोर्ड चोर. डोमाभाऊंनी ऐकून घेतलं आणि आत जाऊन धाकट्या सुनेला विचारलं. ती बिचारी पदर तोंडाला लावून म्हणाली, "मामंजींनी पेचकस घेऊन आतलं काहीतरी फिरवलं होतं दिवाळीत. आम्ही पाणी फार वापरतो म्हणून."

शेठनं सुना जास्त गरम पाणी वापरतात म्हणून थर्मोस्टॅट एकदम खाली आणला होता. आणि स्वतःच विसरला. दीड महिना स्वतः कोमट पाण्यानं न्हात होता आणि जगाला चोर म्हणत होता.

दुसरा वायरमन असता तर गुपचूप फिरवून निघून आला असता. डोमाभाऊ अंगणात आले. मजूर, हमाल, मुनीम सगळे उभे होते. म्हणाले, "शेठजी, चोर सापडला. आरशात पाहून घ्या." ते गिऱ्हाईक कायमचं तुटलं. बाहेर आल्यावर मी चिडलो, कारण माझंही तिथलं काम गेलं. तर मलाच म्हणाले, "सुनेनं सांगितलं असं शेठले समजाच्या आत त्याचं तोंड बंद कराचं होतं. आता तो माझ्यावर चिडन, तिच्यावर नाई." हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

त्यांचं वायरमनचं परमिट ते लुगड्याच्या काठात गुंडाळून ठेवायचे. वडिलांनी शेवटचं विणलेलं लुगडं, त्याचा काठ. परीक्षेत साहेबानं विचारलं होतं, अर्थिंग म्हणजे काय. पुस्तकातलं उत्तर इंग्रजीत होतं, ते काही यांना आलं नाही. हे म्हणाले, "साहेब, करंट चुकून भायेर निघाला तं त्याले माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जाचा रस्ता." साहेबानं पास केलं. हे सांगताना ते दर वेळी छाती काढायचे, आणि पाठीच्या बाकामुळे ती काही निघायची नाही. पुढे इंग्रजी वाचायला ते स्वतःच शिकले, गिझरच्या खोक्यावरची अक्षरं लावून लावून.

आता त्या दवाखान्याचं.

रामदासपेठेतलं बाळंतपणाचं हॉस्पिटल. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, बाळंतिणींत रमलेल्या. कारभार सगळा त्यांच्या नवऱ्याकडे. त्यांना सगळे साहेब म्हणायचे, ते कशाचे साहेब होते ते मला अजून समजलं नाही. बाळंतिणींच्या न्हाणीत गिझर आणि फवारा बसवायचा ठरला. तार डोमाभाऊंची, नळ माझे.

डोमाभाऊ पहिल्या दिवशीच म्हणाले, "साहेब, अंगणात अर्थिंगचा खड्डा लागते. माणूसभर खोल. खाली पत्रा, वर कोळसा अन् मीठ."

साहेबानं अंगणात नुकत्याच डिझाइनच्या टाइल्स लावल्या होत्या. म्हणाले, "टाइल्सला हात लावायचा नाही."

"मंग न्हाणी कोरडी ठेवा," डोमाभाऊ म्हणाले.

चार दिवस काम बंद. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच विनंती केली, की बाया थंडीत कुडकुडतात हो. डोमाभाऊ विरघळले. त्यांनी तेव्हा सगळीकडे करायचे तसं केलं. पाण्याचा लोखंडी पाइप जमिनीतून येतो, त्यालाच पट्टी आवळून अर्थिंगची तार बांधली. आपल्या बल्बनं तपासली. बल्ब लख्ख लागला. तरी ते खूश नव्हते. मला म्हणाले, "दुसऱ्याच्या पाइपावर भरवसा ठेवला मी."

तीन-चार वर्षं ठीक गेली. मग अंगणाच्या बाजूचा तो लोखंडी पाइप गंजून पाझरायला लागला. साहेबानं मला बोलावलं. म्हणाले, "आता प्लॅस्टिकचा निघाला आहे, गंजत नाही, तोच टाक." प्लॅस्टिकचा पाइप तेव्हा नवीनच. हलका, सरळ, हात खराब होत नाहीत. मी खूश. जमिनीपासून न्हाणीच्या भिंतीपर्यंत सगळा प्लॅस्टिकचा टाकला. जुन्या पाइपावर डोमाभाऊंची पट्टी आणि तार होती. ती मी तशीच लोंबत सोडली नाही, कारण दुसऱ्याचं काम मी कधी बिघडवत नाही. घासून पुसून ती पट्टी मी नव्या पाइपावर, होती तिथंच, तशीच घट्ट आवळून दिली. नट चढवून दोन वेळा तपासली. हलत नव्हती.

हसणाऱ्यांनी हसावं. मला पाणी समजते, करंट नाही. मला वाटलं, पाइपाला बांधायची असते, पाइपाला बांधली.

पुढच्या हिवाळ्यात निरोप आला, गिझर गेला, पाणी गार. डोमाभाऊ गेले. योगायोगानं मी तिथंच संडासाची टाकी दुरुस्त करत होतो. त्यांनी फ्यूज खिशात टाकला, पाट मागितला आणि साहेबाकडे पाठ करून आत आवाज दिला, "आज सगळ्यात आधी कोणं नळ उघडला?"

आया सुभद्राबाई पुढे आली. तिच्या तळहाताला फोड होता.

"मीनं उघडला. हात झटकला त्यानं, बावा. फेकलीच मले दारात."

"बाळंतीण होती का आत?"

"आणाचीच होती. मी पाणी पाहाले गेली होती आधी."

डोमाभाऊंचा चेहरा पांढरा पडला. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. सगळ्यांना बाहेर काढलं, पाटावर उभे राहिले, फ्यूज परत लावून दिव्याचं एक टोक गिझरच्या अंगाला धरलं आणि दुसरं बोर्डातल्या परतीच्या तारेला. बल्ब लागला. गिझरचा एलिमेंट आतून फुटला होता. करंट गिझरच्या अंगात आला होता आणि तिथून लोखंडी नळीनं फवाऱ्याच्या नळात. असं झालं तर अर्थिंगनं तो जमिनीत जायला पाहिजे आणि फ्यूज उडायला पाहिजे. म्हणून त्यांनी बोर्डातला करंट आणि अर्थिंगची तार यांच्यामध्ये दिवा धरला. बल्ब लागला नाही.

"तार हाय, पण मेलेली हाय," ते म्हणाले. फ्यूज परत खिशात घातला आणि डोळे मिटून तारेवर बोटं फिरवत फिरवत भिंतीतून बाहेर, अंगणात, पाइपापर्यंत आले. पट्टीला हात लागला. डोळे उघडले. प्लॅस्टिकच्या पाइपाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"मारोती, हे तू बांधलं?"

"हो. चांगली घट्ट बांधली."

"प्लॅस्टिकमधून करंट जाते का गा, गाढवा? माझी तार तू हवेत टांगून ठेवली! बाळंतीण असती त्या नळाखाली, ओली, पोट फाडलेली!"

माझ्या हाताखालची दोन माणसं, माळी, आया, सगळे ऐकत होते. मी म्हटलं, "गाढव कोणाले म्हणून राहिले? मले कोणं सांगितलं होतं? तुमी लिहून ठेवलं होतं का पाइपावर?"

त्यांनी पट्टीवरचा हात काढला. "नाई," म्हणाले. "नाई लिहिलं."

तेवढ्यात साहेब व्हरांड्यात आले आणि त्यांनी सुरू केलं. वायरमननं निष्काळजीपणा केला, माझ्या हॉस्पिटलची अब्रू, बिजलीच्या इन्स्पेक्टरला कळवतो, परमिट जप्त करवतो. डोमाभाऊंनी खालूनच सांगितलं, "अंगण खोदू दिलं नाई, हे तुमचं. पाइपावर तार बांधली, हे माझं. माझं मी मानतो."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी तिथंच पाना हातात घेऊन उभा होतो. आणि साहेबानं काय केलं? त्या बोलण्यातलं पहिलं वाक्य सोडून दिलं आणि दुसरं उचललं. "बघा, स्वतः कबूल करतो!" अजून ते आठवलं की माझं डोकं गरम होते. टाइल्ससाठी बाया मारायला निघालेला माणूस, आणि गुन्हेगार कोण, तर जो आपली चूक तोंडावर सांगतो तो!

आठ दिवसांनी साहेबानं मला ऑफिसात बोलावलं. खुर्ची दिली. चहा दिला. समोर टाइप केलेला इंग्रजी कागद ठेवला. "तू पाइप बदललास, एवढंच लिहिलं आहे. वाचून घे आणि सही कर."

तिथं टायपिस्ट बाई होती, कंपाउंडर होता. मी कागद हातात धरला, वरून खाली पाहिलं, दोन वेळा मान हलवली आणि सही केली. मला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. "येत नाही" असं म्हणायला माझी जीभ उचलली नाही.

डोमाभाऊंचं परमिट रद्द झालं.

मला वाटलं, त्यांनी स्वतः कबूल केलं म्हणून झालं. आणि चारचौघांत गाढव म्हणाले होते ते माझ्या डोक्यात होतंच. मी गेलो नाही. ते पण आले नाहीत. वर्ष गेलं. मग कोणीतरी सांगितलं की ते भावाच्या मागावर बसतात, बारीक धागा दिसत नाही तरी बसतात. तेव्हा गेलो.

माग चालू होता. त्यांनी मला पाहिलं आणि धाग्याचा धोटा इकडून तिकडे फेकणं थांबवलं नाही.

मी म्हटलं, "डोमाभाऊ, मी तं पाइप मी बदलला असं लिहून दिलं होतं. तरी परमिट काहून गेलं?"

धोटा थांबला. ते उठले, फळीवरून एक कागद काढला. इन्स्पेक्टरच्या ऑफिसातून त्यांना मिळालेली नक्कल. बोट ठेवून एक-एक ओळ मराठीत सांगितली. त्यात लिहिलं होतं, की मी पाइप बदलला तेव्हा अर्थिंगची तार आधीपासूनच तुटून लोंबत होती, आणि मी तिला हात लावला नाही. खाली माझी सही.

"हे मी नाई सांगितलं," मी म्हटलं.

"सही तुझी हाय."

"मले इंग्रजी येत नाई."

"तं सही काहून केली?"

"लाज वाटली."

त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "मी गाढव म्हणलो ते चुकलं माझं. पण ही नक्कल आली त्या दिवशीपासून मी वाट पाहून राहिलो, का हा मारोती येईन अन् म्हणन, डोमाभाऊ, मी असं बोललो नोतो. वरीस झालं गा. तुझ्या लाजेपायी माझे हात गेले."

मला "बस" म्हणाले नाहीत. सदरा घातला. "चाल," म्हणाले.

आम्ही पायी इन्स्पेक्टरच्या ऑफिसात गेलो. ते पुढे, मी मागे. बाबूनं कागद पुढे केला, काय ते लिहा म्हणाला. मी जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं, "मले इंग्रजी येत नाई, मराठी लिहाले वेळ लागते. मी बोलतो, तुमी लिहा, अन् वाचून दाखवा." मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. हसू दिलं. टाइल्स, खड्डा, लोखंडी पाइप, प्लॅस्टिकचा पाइप, पट्टी, साहेबाचा चहा, सगळं सांगितलं. तीन वेळा वाचून घेतलं, मग सही केली. डोमाभाऊ त्या वेळात आत आले नाहीत.

सात-आठ महिन्यांनी परमिट परत मिळालं, असं मला दुसऱ्यांकडून समजलं. सुभद्राबाई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगल्या, आपल्या नातवांच्या लग्नात नाचल्या. हे त्या जिलेबीवाल्या साहेबानं लिहून घ्यावं.

डोमाभाऊ मला एकदाच दिसले पुढे. शंकरनगरच्या वळणावर, सकाळी. सायकलवर होते, हँडलला वायरचं भेंडोळं, आणि एका फाटकातून कोणी बाई "इकडे, इकडे" करत होती. मी समोरून येत होतो. त्यांनी मला पाहिलं. मी हात वर केला. त्यांचे दोन्ही हात हँडलवर होते. रस्ता रिकामा होता, एक हात सोडता आला असता त्यांना. सोडला नाही. फाटकाकडे वळले आणि आत गेले.

बरोबर केलं.